टॉर्पेडोच्या नळीवर माझा शेवटचा हात

ह्या अंकाच्या संपादकांनी मला तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा बोलणं एकच. "नाना, तुम्ही पाणबुड्या बुडवणारे टॉर्पेडो बनवलेत. देशाच्या संरक्षणाला हातभार लावलात. त्यावर जरा भारावून लिहा." मी म्हटलं, मी टॉर्पेडो नाही बनवले, टॉर्पेडोच्या नळ्या कातल्या. ते म्हणाले, तेच हो. आता तेच कसं? कुंभारानं मडकं केलं म्हणजे त्यात शिजलेलं मटणही त्यानंच केलं का? पण शिकलेल्या माणसांशी वाद घालण्यात माझं निम्मं आयुष्य गेलेलं आहे, म्हणून फोन ठेवून दिला. मला भारावता येत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. जे झालं ते लिहितो.

मी टर्नर. लेथ मशीनवर धातूचा तुकडा, आम्ही त्याला जॉब म्हणतो, गरगर फिरतो, त्याला हत्यार लावायचं आणि नको तेवढं कातून टाकायचं, एवढाच हा धंदा. पिंपरीतल्या एका मोठ्या कारखान्यात एकतीस वर्षं हेच केलं. निवृत्तीला शाल आणि घड्याळ मिळालं. घड्याळ बंद पडलं, शाल आहे. दोन महिने घरी बसलो तेवढ्यात घरच्यांना माझा आणि मला घरच्यांचा कंटाळा आला. तेव्हा चऱ्होलीचे बाळाशेठ घरी आले.

बाळाशेठ मूळचे शेतकरी. जमिनीला भाव आला तेव्हा त्यांच्या भावकीनं प्लॉट पाडले, इमारती उठवल्या. ह्या गड्यानं हट्टानं आपल्या रानात पत्र्याची शेड टाकली आणि मशीनं आणली. आज चारी बाजूंनी दहा-दहा मजले आणि मध्ये आमची शेड. वरून बायका कपडे वाळत घालताना आमच्याकडे बघतात.

"नाना, एक काम आलंय," बाळाशेठ म्हणाले. "नळी हाय. लई पातळ. तिघांनी हात टेकले."

"कशाची नळी?"

"ते इचारायचं न्हाई."

"आरं, कशाला लावणार हे कळल्याबिगर करायची कशी?"

"ड्रॉइंग हाय की. त्याच्यावरनं करायची. मी कागदावर सही केलीया, कुणाला काय सांगणार न्हाई म्हणून."

इथूनच माझं डोकं फिरायला लागलं. ड्रॉइंगवर नुसती नळी. तिच्या पुढं काय बसतं, मागं काय बसतं, काही नाही. सहा महिने मी ती नळी केली आणि मला माहीत नव्हतं काय करतोय ते. मग एक दिवस कोपऱ्यावरचा पानटपरीवाला म्हणाला, "नाना, टॉर्पेडो करताय म्हणं तुमी!" करणाऱ्याला ठाऊक नाही आणि चुना लावणाऱ्याला ठाऊक. अशी ही गुप्तता.

मापं मी इथं सांगणार नाही. पण बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून पुस्तकात छापलेलं असतं तेवढं सांगतो. टॉर्पेडो म्हणजे पाण्यातून पळणारं अस्त्र. मराठीत पाणतीर म्हणतात म्हणे, पण आमच्या शेडमध्ये कुणी म्हणत नाही. त्यात दोन जाती. एक जड, पाणबुडीतून सोडतात तो. दुसरा हलका, जहाजावरून नाहीतर हेलिकॉप्टरमधून पाणबुडीवर टाकतात तो. हलका म्हणजे किती? दोन क्विंटलच्या वर. हा ह्यांचा हलका! घेर आपल्या पाणी तापवायच्या बंबाएवढा, लांबी उंच माणसाच्या दीडपट. हेलिकॉप्टरमधून सोडला की छत्रीनं खाली येतो, पाण्यात शिरतो, छत्री सुटते. पुढच्या तोंडात कान असतो. आवाज सोडायचा, परत आलेला ऐकायचा, असं करत गोल गोल फिरत तो पाणबुडी हुडकतो आणि सापडली की तिच्या मागं लागतो. पोटात बॅटरी, मोटार, तारा, आणि जे फुटायचं ते. हे सगळं कोरडं राहिलं पाहिजे. म्हणून बाहेरून ॲल्युमिनियमचं कवच असतं. ते तुकड्यातुकड्यांनी जोडलेलं असतं. त्यातला एक तुकडा म्हणजे आमची नळी.

पातळ नळी कातणं अवघड का, ते सांगतो. मशीनवर जॉब धरून ठेवणाऱ्या चकमध्ये तीन जबडे असतात. त्यांनी नळी आवळली की ती तीन बाजूंनी दबते. दबलेल्या अवस्थेत तुम्ही ती आतून अगदी गोल कातलीत, गोलाई दाखवणारा डायल लावून बघितलीत, गोल. खूश झालात. जबडे सोडले की नळी फुगून मूळ जागी येते आणि तुमचा गोल जातो तिकोनी. आधीच्या तिघांचं हेच झालं होतं. मी काय केलं, तर जबड्यांना ॲल्युमिनियमचे रुंद गाल बसवले, नळीच्याच घेराचे कातून. म्हणजे तीन ठिकाणी चिमटा नको, सगळीकडून मिठी. पहिली नळी सोडली आणि डायल फिरवला. काटा हलला, पण मापात. बाळाशेठनी तिथंच नारळ फोडला. ही माझी अक्कल, आणि ती मी कुणाच्या ड्रॉइंगवरून घेतलेली नाही.

मग आल्या मॅडम.

पार्टीची, म्हणजे आमच्याकडून नळ्या घेणाऱ्यांची, अट होती की तपासणीला शिकलेला माणूस पाहिजे. त्यांनी परीक्षा घेऊन त्याला शिक्का द्यायचा आणि तो शिक्का उमटल्याशिवाय नळी शेडबाहेर जायची नाही. तर ही प्रणिता, तळेगावहून लोकलनं आणि पुढं स्कूटीनं येणारी, वय माझ्या धाकट्या मुलीएवढं. पहिल्या दिवशी तिनं माझं व्हर्निअर उचललं. तीस वर्षं माझ्या खिशात असलेलं. उलटंसुलटं बघितलं आणि म्हणाली, "काका, ह्याला स्टिकर नाही."

"कसलं स्टिकर?"

"तपासून आणल्याचं. स्टिकर नसेल तर ह्यानं मोजलेलं धरता येत नाही."

"मॅडम, तुमी जन्मायच्या आधीपासनं हे बरोबर मोजतंय."

"तेव्हापासून तपासलेलं नाही, हेच म्हणतेय मी."

ते व्हर्निअर तिनं कपाटात कुलपात घातलं. मग नळीला उघडा हात लावायचा नाही, हातमोजे घाला. मोजे घालून जॉबची धार कळते होय? मग दुपारी मोजायचं नाही. उन्हात पत्रा तापतो, ॲल्युमिनियम फुगतं, माप चुकतं. हे खरं आहे, ते मलाही माहीत होतं. पण त्यासाठी तिनं बाळाशेठना सांगून काचेची खोली केली आणि एसी बसवला. नळी एसीत, मी पंख्याखाली. आणि नळी आत चार तास ठेवायची, थंड व्हायला. मी म्हटलं, मॅडम, मलाबी चार तास आत ठेवा, मीबी मापात येईन. ती हसली नाही. वहीत लिहीत होती. सतत लिहायची. प्रत्येक नळीचं एक पान.

सुखदेव म्हणून आमचा दुसरा ऑपरेटर आहे, बीडकडचा, चाळिशीचा, मुकाट्यानं काम करणारा. तो मला म्हणायचा, "नाना, लिहू द्या की. तुमचं काय जातंय?"

माझं काय जात होतं ते सांगतो. आमच्या वस्तादानं पिंपरीत शिकवलं होतं की जॉब हातातून सोडताना त्यात तोंड दिसलं पाहिजे. कातून झालं की बारीक पॉलिश पेपर तेलात बुडवून शेवटचा हात मारायचा. जुन्या लेथवर जॉब फिरता ठेवून पेपर लावायचा, दोन मिनिटांत आरसा. पण हे नवीन मशीन. त्याचं दार उघडं असलं की ते फिरतच नाही. दार लावलं तर हात आत जात नाही. त्यात मॅडमचा नियम, मशीनवर पॉलिश पेपर आणायचाच नाही, त्याची वाळू मशीनच्या पोटात जाते. मग मी नळी टेबलावर घेऊन पॉलिश करायला लागलो. बाहेरून तर करायचोच, पण तोंडाच्या आतला चार बोटं रुंद पट्टा खास. तो आधीच सगळ्यांत गुळगुळीत असायचा, म्हणून त्याला चकाकी चांगली यायची. हात आत घालायचा, बाहेर ओढायचा, आत, बाहेर. मॅडमनी मोजून शिक्का मारला आणि त्या पाचच्या लोकलला निघाल्या की मी नळी खोक्यात घालायच्या आधी हा हात मारायचो. त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यालाही स्टिकर मागितलं असतं.

आणि नळी काय दिसायची! सुखदेव म्हणायचा, "नाना, दाढी करता यील ह्याच्यात."

एक दिवस, पॉलिश सुरू केल्यावर पाठवलेल्या पहिल्याच खेपेच्या बारा नळ्या परत आल्या, सोबत पत्र. आम्ही चौघं काचेच्या खोलीत उभे. बाळाशेठनी पत्र वाचलं आणि मॅडमपुढं सरकवलं.

बारातल्या नऊ नळ्या गळत होत्या. पत्रात लिहिलं होतं, पार्टीकडं नळीची दोन्ही तोंडं रबरी रिंगवाल्या झाकणांनी बंद करून आत हवा भरतात आणि पाण्यात बुडवतात, पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसं. बुडबुडे आले की नापास. हवा बाहेर येते तिथून समुद्र आत जाणार. पण खरं पुढं होतं. त्यांनी तोंडाच्या आतल्या पट्ट्याचा खरखरीतपणा मोजला तर तो मॅडमनी पानावर लिहिला होता त्याच्या तिप्पट निघाला. म्हणून त्यांनी लिहिलं होतं की पानांवरचे आकडे प्रत्यक्ष मोजलेले दिसत नाहीत. प्रणिताचा शिक्का थांबवला आहे. आठवड्यानं साहेब येतील, लेखी खुलासा तयार ठेवा. खुलासा पटला नाही तर शिक्का कायमचा रद्द.

शिक्का रद्द म्हणजे नुसती इथली नोकरी जात नाही. खोटे आकडे भरले म्हणून शिक्का गेलेल्या तपासनिसाला भोसरीपासून चाकणपर्यंत कुणी दारात उभं करत नाही.

"मी प्रत्येक नळी मोजली आहे," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

आणि मी बोललो. चौघांत. "आकडे खुर्चीत बसूनबी भरता येतात, मॅडम."

रोज माझ्याशी वाद घालणारी पोरगी. त्या दिवशी तिनं वाद घातला नाही. माझ्याकडं बघितलं, वही मिटली आणि स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाली, "काकांनी तरी असं म्हणायला नको होतं."

मला त्याचाही राग आला. मी म्हटलं, "नळी गळत न्हाई. माझी नळी गळूच शकत न्हाई. त्यांची रबरी रिंग खराब आसंल."

"मग दाखवा," ती म्हणाली.

दाखवतोच म्हटलं. शेडच्या मागं बाळाशेठच्या म्हशींचा दगडी हौद होता. गोठा गेला, हौद तसाच राहिला होता. तो धुऊन भरला. दोन जाड तबकड्या कातल्या, त्यांच्या काठाला खाच घेतली, खाचेत रबरी रिंग बसवली. एक तबकडी नळीच्या ह्या तोंडात, एक त्या तोंडात, मधून लांब बोल्ट आवळला आणि कॉम्प्रेसरची नळी लावली. एवढी गुप्त वस्तू, जिचा फोटो काढला तर जेल, ती म्हशींच्या हौदात! वरच्या गॅलरीतून एक बाई विचारत होती, "काका, पाण्याची टाकी करता का?" मी म्हटलं, व्हय.

पहिली नळी बुडवली. एका जागेहून बुडबुड्यांची माळ निघाली.

"रिंग बदल," मी सुखदेवला म्हटलं. त्यानं नवी कोरी रिंग घातली. त्याच जागेहून तीच माळ.

दुसरी नळी. माळ. तिसरी, दोन माळा. बाळाशेठ कपाळावर हात मारून दगडावर बसले. मॅडम प्रत्येक जागेवर खडूनं खूण करत होत्या आणि वहीत लिहीत होत्या. तेव्हाही लिहीत होत्या! नऊ झाल्या. दहावी बुडवली आणि पाणी गप्प. सुखदेवनं हवा वाढवली. गप्प. अकरावी गप्प. बारावी गप्प.

त्या तिन्ही नळ्या मी उन्हात धरल्या. कळाहीन. मळकट ताटासारख्या. मी म्हटलं, "ह्या कुणी केल्यात असल्या?"

सुखदेव बिचारा दबकत म्हणाला, "नाना, तुमी भाच्याच्या लग्नाला जुन्नरला गेलता का न्हाई तीन दिवस? तवा म्याच केल्यात."

"पॉलिश केलं न्हाईस?"

"न्हाई. मॅडमनी मोजल्या की खोक्यात घातल्या. पॉलिश तुमचं आसतंय."

मॅडमनी पेन थांबवलं. "कुठलं पॉलिश?"

सुखदेव माझ्याकडं बघायला लागला. बाळाशेठ हौदाकडं.

मी एक गळकी नळी घेतली, खडूच्या खुणेपाशी तिरकी उन्हात धरली. आरशासारखी चकाकत होती. नख ओढून बघितलं, जसं मी नेहमी बघायचो, आतून बाहेर. लोण्यासारखं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, नख गोल फिरवलं, पट्ट्याच्या कडेकडेनं. खर्र. खर्र. खर्र.

माझ्याच हाताच्या रेघा. पेपर आत-बाहेर ओढला होता, तर रेघाही आत-बाहेर. आणि नखही मी इतके दिवस रेघांच्याच दिशेनं ओढत होतो, ते कशाला अडकतंय? मशीनवरून निघालेल्या नळीच्या रेघा गोल असतात. रबरी रिंगही गोल. ती त्या रेघांवर अशी बसते की हवेला वाट नाही. मी त्या गोल बांधांना आडवे चर पाडले होते, आत समुद्र घ्यायला. केसापेक्षा बारीक, पण हवेला तेवढं पुष्कळ. पार्टीला तिप्पट खरखर लागली ती हीच. जुन्या लेथवर जॉब फिरता असायचा, तेव्हा पेपरच्या रेघाही गोलच पडायच्या. म्हणून जन्मभर चूक कधी उघडी पडली नाही.

मॅडम आत जाऊन ड्रॉइंग घेऊन आल्या. पट्ट्याकडं जाणारा बाण होता, त्याच्या टोकाला एक खूण आणि खुणेशेजारी बारीक अक्षर. "काका, हे म्हणजे रेघा गोलच हव्यात. आडव्या चालणार नाहीत."

ती खूण मी पहिल्या दिवसापासून बघत होतो. काही कळलं नव्हतं.

मॅडम आत गेल्या. बाळाशेठनी मला बाजूला घेतलं. "नाना, झालं ते झालं. खुलाशात रिंगवाल्याचं नाव घालू. न्हाईतर टेम्पोत घासल्या म्हणू."

"आन् मॅडमचं?"

"तिचं काय, शिकलेली हाय. दुसरीकडं बघंल. तुमचं आता ह्या वयात नाव कशाला घालवायचं?"

"कोण बघंल? शिक्का गेल्यावर?"

"नाना, तुमी तर तिच्यावर रोज करवादत व्हता!"

"व्हय, करवादत व्हतो. अजून करवादणार हाय. पण बाळाशेठ, माझं काम दुसऱ्याच्या नावावर गेलेलं मला कधी खपलं न्हाई. पिंपरीत त्याच्यापायी एकदा फोरमनची गचांडी धरलीया. मग माझी चूक तरी दुसऱ्याच्या नावावर का देऊ?"

बाळाशेठ चिडले. म्हणाले, म्हातारपणी लोकांना देव आठवतो, तुम्हाला हट्ट आठवतो.

खुलासा म्हणजे एक छापील कागद असतो. आमच्या ह्या भागात प्रत्येक कारखान्यात तो असतो, कारखाना मोटारींचा असो की खिळ्यांचा. काय बिघडलं ते वर लिहायचं आणि खाली पाच वेळा 'का?'. प्रत्येक उत्तराला पुन्हा का. कुणा शहाण्यानं शोधून काढलंय, पाचव्याला खरं कारण सापडतं म्हणे. मला ह्या कागदाचा मनापासून तिटकारा. लहान पोरंही असंच करतात, त्यांना आपण रट्टा देतो.

मी काचेच्या खोलीत मॅडमसमोर बसलो. पहिल्यांदाच एसीत. म्हटलं, "घ्या लिहून. माझ्या तोंडानं सांगतो."

"नळी गळाली. का?"

"पट्ट्यावर आडव्या रेघा व्हत्या."

"का?"

"मी हातानं पॉलिश मारलं. तुमी मोजून गेल्यावर. हे नीट लिवा, मोजून गेल्यावर. तुमचे आकडे खरे व्हते."

पेन क्षणभर थांबलं. मग चाललं. "हातानं का?"

"दार उघडं आसलं की मशीन फिरत न्हाई. मग टेबलावर घेतलं."

"पट्ट्यावर आडव्या रेघा चालत नाहीत हे ड्रॉइंगवर होतं. मग का मारल्या?"

"ती खूण मला कळत नव्हती."

आता पाचवं. तिनं कागदावर बघत, अगदी हळू विचारलं, "विचारलं का नाही, काका?"

माझ्याजवळ उत्तरं पुष्कळ होती. मला सांगितलं नाही काय करतोय ते. ड्रॉइंगवर पुढचं-मागचं लपवून ठेवलं. तिथं रिंग बसते हे एका माणसानं एका वाक्यात सांगितलं असतं तर मी पेपर लावला नसता. हे सगळं खरं आहे, आजही खरं आहे, आणि पुढं साहेब आले तेव्हा त्यांना मी ते तोंडावर सांगितलं. पण तिनं विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

"लाज वाटली," मी म्हटलं.

"अं?"

"लाज वाटली म्हणून न्हाई इचारलं. लिवा."

"काका, असं नाही लिहीत. 'प्रशिक्षणाचा अभाव' लिहिते."

"प्रशिक्षण? मला एकतीस वर्षांचं प्रशिक्षण हाय. मला इचारायची लाज वाटली. तुमच्याएवढ्या पोरीला जाऊन, हे काय म्हणून. तेच लिवा."

"पण पुढचा रकाना उपायाचा आहे. पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. लाजेवर उपाय काय लिहू?"

"लिवा, इचारीन."

तिनं तसंच लिहिलं. मराठीत लिहिलं आणि खाली इंग्रजीत, आणि माझी सही घेतली. माझी सही तशी वाकडीच येते, त्या दिवशी जरा बरी आली.

पार्टीचे साहेब आले. पन्नाशीचे, बुटके, कमी बोलणारे. त्यांनी हौद बघितला, नळ्या बघितल्या, त्या कळाहीन तीन आणि माझ्या चकाकत्या नऊ. मग कागद वाचला. मला विचारलं, "हे तुम्ही सांगितलंत?" मी म्हटलं, व्हय, आणि चौघांत मी ह्या मॅडमना खोटं म्हटलं होतं, ते चौघांत मागं घेतो. ते मागं घेतलं. पण माफी असा शब्द काढून मी अजून मागितलेली नाही. मॅडम हा अंक घेतात, तेव्हा वाचतीलच.

मॅडमचा शिक्का त्यांनी तिथंच परत दिला. नऊ नळ्या मात्र भंगारात. मी म्हटलं, एक हलका हात मशीनवर मारून गोल रेघा करून देतो, माप जाणार नाही. ते नको म्हणाले. नऊ नळ्या मी माझ्या हातानं करवतीनं कापल्या, म्हणजे चुकून कुणी वापरायला नको. कापताना एकेकीत तोंड दिसत होतं.

कापून आत आलो तर साहेब अजून बसलेले. त्यांच्यापुढं ड्रॉइंग पसरलेलं. म्हणाले, "नाना, उपायात तुम्ही 'विचारीन' लिहिलंय. कधीपासून?"

"म्हणजे?"

"मी दोन वाजेपर्यंत आहे. ह्यातली कुठली कुठली खूण येत नाही तुम्हाला?"

मला वाटलं, झालं, आता सगळ्यांसमोर परीक्षा. मॅडम उठल्या आणि त्यांची खुर्ची मला दिली. मी चष्मा पुसला आणि कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. ती येत होती. पुढची येत होती. त्याच्या पुढची मी इतकी वर्षं अंदाजानं काढत आलो होतो. "ही," मी म्हटलं, "ही काय?" साहेबांनी सांगितलं. मला एकदम कळलं असं नाही. मी म्हटलं, कळली, आणि बोट पुढं नेलं.

मागून कुणीतरी खांद्यावर वाकलं. मशीन बंद करून सुखदेव येऊन उभा होता. माझ्या कानाशी लागून तो हळूच म्हणाला, "नाना, ती मगाचची पुन्यांदा इचारा की. मलाबी न्हाई कळली."